एका खोलीचे तीन नकाशे

डिलाईल रोडवरच्या, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावरच्या, बीडीडी चाळीत माझा जन्म झाला आणि लग्न होईपर्यंत मी तिथेच राहिले. पुढे आरेखक म्हणून अठ्ठावीस वर्षे नोकरी केली. त्या काळात शेकडो इमारतींचे नकाशे माझ्या हातून तयार झाले, परंतु ज्या इमारतीत मी लहानाची मोठी झाले तिचा नकाशा मी कधी पाहिलाही नव्हता. पुनर्विकासासाठी आमची इमारत रिकामी करण्याचे दिवस जवळ आले तेव्हा भावाने फोन करून सांगितले की सात-आठ महिन्यांत खोलीची किल्ली द्यावी लागेल. त्याच आठवड्यात मी ठरवले की इमारत पडण्यापूर्वी तिची पायापासून गच्चीपर्यंत मोजणी करायची आणि नकाशांचा एक पूर्ण संच तयार करायचा. ते काम कसे झाले, त्यात काय चुकले आणि त्यातून काय हाती लागले, ते इथे सांगते.

मोजणीला हात घालण्यापूर्वी ही इमारत मुळात कोणी आणि कशासाठी बांधली, हे समजून घेणे आवश्यक होते, कारण हेतू ठाऊक नसेल तर माप हा नुसता आकडा राहतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत तिथे सूत निघू लागले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे येत राहिली, पण या माणसांनी राहायचे कुठे, याचे उत्तर गिरणीमालकांनी फारसे शोधले नाही. १८९६ साली प्लेगची साथ आली तेव्हा अंधाऱ्या, दमट, दाटीवाटीच्या खोल्यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) स्थापन झाला. परळच्या ज्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुष्कळ वर्षे राहिले, ती याच ट्रस्टची. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई आणखी वाढली. तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते निघाले आणि त्याच्या आद्याक्षरांवरून आमच्या चाळींना बीडीडी हे नाव पडले.

मूळ योजना ५०,००० खोल्यांची होती. तिच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड या चार ठिकाणी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी डिलाईल रोडच्या ३२. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर मधल्या मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा, म्हणजे एका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची आणि मजल्यागणिक सामाईक शौचालये. आकडे असे सांगितले की सगळे एका साच्यातून काढल्यासारखे वाटते, आणि बांधणाऱ्यांचा हेतूही तोच होता. कापसाच्या गाठीवरच्या रुपयातून आमचे घर उभे राहिले, ही गोष्ट मात्र वडिलांना ठाऊक नव्हती. त्यांनी उभा जन्म गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, काढला. ही माहिती त्यांना सांगायला मिळायला हवी होती, असे मला फार वाटते.

मूळ नकाशा मिळवण्यासाठी मी ज्या कार्यालयात अर्ज केला, तिथे पाच फेऱ्या मारल्यानंतर मला सांगण्यात आले की इतक्या जुन्या इमारतीचा नकाशा आता शोधता येणार नाही. मी तिथे अडून बसले नाही. काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह, आहे. तिथे ओळखपत्र दाखवून, अर्ज भरून, सूचीतून फाइलींचे क्रमांक काढून चिठ्ठ्या द्याव्या लागतात आणि मग फाइल हाती येण्याची वाट पाहावी लागते. शाईचे पेन बाजूला ठेवून शिसपेन्सिलीने टिपणे घ्यायची, पान उलटताना बोट ओले करायचे नाही, फाइलीतल्या कागदांचा क्रम बदलायचा नाही, या गोष्टी पहिल्याच दिवशी समजल्या. डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या कागदपत्रांत मला आमच्या इमारतीचा स्वतंत्र नकाशा मिळाला नाही, परंतु ती ज्या विचाराने बांधली गेली तो विचार मिळाला. उजेड आणि हवा यांची त्या काळच्या अधिकाऱ्यांना लागलेली काळजी पानापानावर दिसते. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी ६३½ अंशांचा एक नियम आग्रहाने मांडला होता. खोलीच्या खिडकीवर आकाशाचा उजेड त्या कोनातून तरी अडथळ्याशिवाय पडला पाहिजे, असा त्याचा आशय. सोप्या भाषेत, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे. पुढे आम्ही दोन इमारतींमधली जागा मोजली तेव्हा ती या हिशेबापेक्षा जास्तच भरली. लहानपणी आम्ही लगोरी खेळत होतो ती मोकळी जागा प्लेगच्या भीतीतून आमच्यापर्यंत आली होती.

प्रत्यक्ष मोजणीसाठी माझ्याबरोबर चाळीतलीच दोन मुले होती, एक स्थापत्य पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आणि दुसरा नुकताच नोकरीला लागलेला. रविवारी सकाळी आठला आम्ही सुरुवात करत असू. साहित्य साधेच होते: ३० मीटरची टेप, पाच मीटरची पोलादी टेप, ओळंबा, दोरी, खडू, पातळी काढायला पाण्याची पारदर्शक नळी आणि फळीवर लावलेले कागद. लेझरने अंतर मोजणारे यंत्र एका मुलाने आणले होते आणि मार्गिकेच्या लांबीसाठी त्याचा मोठा उपयोग झाला. खोल्यांच्या आत मात्र कपाटे, पिंपे, माळे आणि वाळत घातलेले कपडे यांतून किरण पोहोचत नसे, तिथे टेपच कामाला येई.

पहिल्या चार रविवारांची मापे पुढे टाकून द्यावी लागली आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती. मी मुलांना एकेका खोलीची लांबी स्वतंत्रपणे मोजायला लावली आणि त्या दहा लांब्या व मधल्या भिंतींच्या जाड्या यांची बेरीज केली. ती बेरीज मार्गिकेच्या एकूण लांबीशी जुळेना. फरक जवळजवळ सात इंचांचा पडत होता. कारण उघड होते. एका खोलीत भिंतीवर नंतर बसवलेल्या फरशा, दुसरीत प्लायवूडचे आच्छादन, तिसरीत गिलाव्याचा नवा थर, आणि आम्ही प्रत्येक ठिकाणी दिसेल त्या पृष्ठभागापासून टेप लावत होतो. प्रत्येक मापात थोडी चूक आणि दहा मापांत दहा चुका. त्यानंतर आम्ही रीत बदलली. मार्गिकेच्या एका टोकाला शून्य धरून टेप सरळ ताणायची आणि प्रत्येक दाराची कड, प्रत्येक भिंतीची सुरुवात त्या एकाच शून्यापासून सलग वाचत जायची. खोलीच्या आत चार बाजूंबरोबर दोन्ही कर्ण घ्यायचे, म्हणजे खोली गुण्यात, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात, आहे की नाही ते कळते. फरशीच्या मागे मूळ भिंत कुठे आहे, हे दाराच्या चौकटीपाशी डोकावून पाहायचे. नोकरीत मी हीच गोष्ट नव्या मुलांना शिकवत असे. स्वतःच्या घरी मात्र घाई झाली.

नव्या रीतीने मोजणी केल्यावर इमारत बोलू लागली. बाहेरच्या भिंती ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभ्या, होत्या. शंभर वर्षांच्या इमारतीत मला याची अपेक्षा नव्हती. भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्या आहेत, हे चाळीतल्या प्रत्येक बाईला अनुभवाने ठाऊक आहे, कारण फोटोसाठी खिळा ठोकायचा म्हटले तरी तो वाकतो. आरसीसी, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचे तंत्र, मुंबईत तेव्हा नवे होते आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर कामगारांच्या घरांसाठी ते वापरणे हे धाडसच होते. त्या धाडसाची दुसरी बाजूही मोजणीत सापडली. सुरुवातीला या खोल्यांना उघडझाप करता येतील अशा खिडक्या नव्हत्या. हवा यावी पण कोणाला ती बंद करता येऊ नये म्हणून काँक्रीटच्या पक्क्या पट्ट्या बसवल्या होत्या. त्यांतून पावसाळ्यात पाणी आत येई आणि थंडीत वारा. भाडेही कामगारांना जड वाटत होते. त्यामुळे पहिली काही वर्षे पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या आणि पुढची बांधकामे आवरती घ्यावी लागली. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. घर म्हणून बांधलेली वास्तू इतक्या सहज तुरुंगाच्या कामी आली, यावरून बांधणाऱ्यांनी कामगाराच्या राहण्याचा विचार किती केला होता ते समजते. उजेडाचा केला, हवेचा केला. त्याने तिथे दिवस कसा काढायचा याचा केला नाही.

तळमजला ते गच्ची असे १:५० प्रमाणातले प्लॅन (वरून दिसणारी मांडणी), दोन सेक्शन (इमारत उभी कापल्यावर दिसणारे छेद) आणि चारही बाजूंची एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी दर्शनी चित्रे) तयार झाली तेव्हा पाच महिने झाले होते. नियमाप्रमाणे काम संपत आले होते. मी आमच्या खोलीचा प्लॅन १:२० प्रमाणात वेगळा काढला आणि तो घेऊन पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. काकू नव्वदीच्या घरात आहेत आणि माझ्या आईच्या खाणावळीत तिच्याबरोबर पोळ्या लाटायला बसत. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हे रिकामं कुणाचं घर काढलंस गं?"

त्या प्रश्नाने माझे काम दोन महिन्यांनी वाढले. माझी आई चौदा गिरणी कामगारांना जेवू घालत असे. आम्ही घरातली पाच माणसे, चौदा गडी, दोन चुली असलेली एक बाजू, मोरी, धान्याचे डबे, आणि हे सर्व १६० चौरस फुटांत. माझ्या प्लॅनमध्ये चार भिंती, एक दार, एक खिडकी आणि एक मोरी होती. काकूंनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि बोटाने दाखवत सांगायला सुरुवात केली. "इथं पाण्याचं पिंप. नाही, नाही, तिथं भाताचं पातेलं कधीच नव्हतं, मोरीचे शिंतोडे उडायचे. पातेलं इकडं, दाराजवळ, वाफ बाहेर जायला." मी पुसले, पुन्हा काढले. थोड्या वेळाने त्या एकाएकी थांबल्या आणि म्हणाल्या, "पण हे कधीचं काढतेस? पहाटेचं का रात्रीचं?"

गिरण्या तीन पाळ्यांत चालत. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला आणि तिसरी रात्री बाराला सुरू होई. भोंगा झाला की माणसांचे लोंढे रस्त्यावर येत आणि त्यातली काही माणसे जेवायला आमच्या खोलीत येत. म्हणून त्या खोलीचा एक प्लॅन पुरेसा नव्हता. मी तीन काढले. पहाटे पाचचा: आई आणि काकू पोळपाटाला पोळपाट लावून बसलेल्या, आम्ही मुले भिंतीकडेला एकाच गोधडीत, वडील बाहेर मार्गिकेत झोपलेले, दाराशी डब्यांची रांग. दुपारी चारचा: पहिल्या पाळीचे सहा जण भिंतीला पाठ लावून जेवायला बसलेले, आमची दप्तरे खिडकीच्या कट्ट्यावर, जेवणाऱ्यांच्या पावलांमधून वाढायला जाण्यापुरती दीड फुटाची वाट. रात्री साडेबाराचा: दुसरी पाळी सुटलेले चौघे, आवाज न करता जेवणारे, आणि त्यांच्या ताटांपासून हातभर अंतरावर आम्ही झोपलेले. प्रत्येक ताटाचा व्यास, पाटाची लांबी, पिंपाचा घेर मी काकूंकडच्या भांड्यांवरून मोजून घेतला, कारण अंदाजाने काढले असते तर चौदा माणसे त्या जागेत मावली हे कोणालाही खरे वाटले नसते. कागदावर ती मावली, पण एक इंचही शिल्लक राहिला नाही.

अशा शेकडो खाणावळी गिरणगावात होत्या आणि त्या बायकांच्या जिवावर चालत होत्या. गावाकडे बायको-मुले ठेवून आलेला गडी महिन्याच्या बोलीवर जेवे आणि पगार झाला की पैसे देई. तोवर वाण्याची उधारी आईच्या नावावर चढत असे. सावकाराकडे मंगळसूत्र ठेवणे ही नित्याची गोष्ट होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले तेव्हा त्यांच्या कामाकडे काम म्हणून पाहिले गेले. मुंबईच्या औद्योगिक इतिहासात गिरणीचे धुराडे येते, संप येतो, पुढारी येतात. चौदा माणसांच्या पोळ्या जिथे लाटल्या गेल्या ती जागा येत नाही. ती माझ्या मते धुराड्याइतकीच औद्योगिक वास्तू आहे, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

दुसऱ्या मजल्यावरची गावाची खोली हा या कामातला आणखी एक समृद्ध भाग ठरला. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या बाजूच्या गावांनी मंडळे करून डिलाईल रोड आणि लालबाग भागांत खोल्या घेतल्या होत्या. गावचा कोणीही माणूस मुंबईत आला की थोड्या वर्गणीत त्याला तिथे पाठ टेकायला जागा मिळे. आमच्या इमारतीतल्या त्या खोलीत आम्ही मोजणीला गेलो तेव्हा भिंतीवरच्या फळ्यांवर २९ पत्र्याच्या पेट्या होत्या, प्रत्येकीवर रंगाने नाव. पेटीएवढी जागा हीच त्या माणसाची मुंबईतली मालकीची जागा. मी प्रत्येक पेटी नकाशात काढली, परंतु नावे लिहिली नाहीत, कारण ती लिहिण्याची परवानगी द्यायला सगळे हयात नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आमच्या चौदातले पाच जण पहिल्याच वर्षी गावी परतले, पुढच्या वर्षी आणखी चार. वडिलांना पुन्हा कामावर घेतले नाही. तिसऱ्या प्लॅनची, म्हणजे रात्री साडेबाराच्या प्लॅनची, गरज आमच्या घरात तेव्हा कायमची संपली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर नवी बांधकामे करण्याची वाट मोकळी केली, २००१ मध्ये ती आणखी रुंद झाली, आणि आज लोअर परळला उतरणाऱ्या तरुण माणसाला फिनिक्स हे गिरणीचे नव्हे तर मॉलचे नाव वाटते, कमला हे कार्यालयांच्या संकुलाचे.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. सामाईक शौचालयाच्या रांगेत जिने चाळीस वर्षे काढली, तिला ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल तर ते तिच्या हक्काचे आहे आणि जुनी भिंत वाचवण्यासाठी तिने आणखी थांबावे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली आणि ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारती २०१८ साली जागतिक वारसा ठरल्या, याचाही मला अभिमान आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की जी वास्तू ठेवता येणार नाही तिची मोजणी तरी पाडण्यापूर्वी झाली पाहिजे, आणि ती तिथे राहिलेल्या माणसांना सोबत घेऊन झाली पाहिजे. शंभर वर्षे माणसे नांदलेल्या इमारतीचा रिकाम्या खोल्यांचा नकाशा अपुरा असतो.

शेवटच्या रविवारी फक्त जिना राहिला होता. सामान बांधून माणसे उतरत होती, त्यामुळे आम्ही कडेने बसून काम केले. पायऱ्या मध्यभागी झिजलेल्या होत्या; दोन्ही कडांवर सरळ पट्टी टेकवून मधला खळगा किती खोल आहे ते मोजायचे, अशी रीत आम्ही ठरवली. तळमजल्यावरून पहिल्या मजल्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांची झीज सर्वांत जास्त होती, पहिल्या-दुसऱ्या मजल्यांमधली त्याहून कमी आणि तिसऱ्या मजल्याकडे जाणारी सर्वांत कमी. खालच्या पायऱ्या साऱ्या इमारतीने वापरल्या, वरच्या फक्त वीस खोल्यांनी. पट्टीखालून प्रकाश दिसत होता आणि मुलगा एकेक आकडा मोठ्याने वाचत होता, मिलिमीटरमध्ये. १:५० च्या नकाशात ही झीज दिसली नसती, म्हणून जिन्याचा तो सेक्शन मी १:५ प्रमाणात काढला.